किमोनो म्हणजे नुसतं 'घालायचं ते'

माझ्या आईने लग्नाआधी शिवणाचा वर्ग केला होता. तिची तेव्हाची वही अजून घरात आहे. पानोपानी खाकी कागदाचे छोटे कापलेले नमुने चिकटवलेले आणि शेजारी मापं: छाती, कंबर, मुंढा, घेर. त्यातल्या एका पानावर लिहिलंय, 'किमोनो बाही'. या बाहीला खांद्यावर जोड नसतो. अंग आणि बाही एकाच कापडात सलग कापतात. किमोनो हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला तो त्या पानावर, आणि पुढे बरीच वर्षं मला वाटत होतं की किमोनो म्हणजे सलग बाही.

जपानी शिकायला लागल्यावर दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे खऱ्या किमोनोची बाही सलग नसतेच. ती वेगळी कापतात आणि मग अंगाला जोडतात. सलग बाहीला किमोनोचं नाव दिलं ते पाश्चात्त्य शिवणकामाने, आणि तिथून ते आपल्या शिवणवर्गात आलं. दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. किमोनो या शब्दाच्या अर्थात बाही नाही, रेशीम नाही, कमरेचा रुंद पट्टा नाही, चेरीची फुलं नाहीत. त्याचा अर्थ आहे 'घालायची वस्तू'. बस, एवढाच.

शब्द उलगडून बघू. जपानीत 'किरु' हे क्रियापद आहे, अर्थ अंगात घालणे. त्याचं मूळ रूप 'कि'. 'मोनो' म्हणजे वस्तू, डोळ्यांना दिसणारी, हाताला लागणारी गोष्ट. दोन्ही जोडले की किमोनो. हा जोड जपानीत अगदी रोजचा आहे. ताबेरु म्हणजे खाणे, म्हणून ताबेमोनो म्हणजे खाद्यपदार्थ. नोमु म्हणजे पिणे, नोमिमोनो म्हणजे पेय. नोरु म्हणजे चढून बसणे, नोरिमोनो म्हणजे वाहन. इकिरु म्हणजे जगणे, म्हणून इकिमोनो म्हणजे सजीव. वासुरेरु म्हणजे विसरणे. जपानमध्ये गाडीतून उतरताना 'वासुरेमोनो' हा शब्द कानावर पडतोच, म्हणजे कुणी काही विसरून तर चाललं नाही ना.

मराठीला ही घडण परकी नाही. अंथरायचं ते अंथरूण, पांघरायचं ते पांघरूण, दळायचं ते दळण, वाटायचं ते वाटण. किमोनोला याच साच्यातून काढायचं तर 'घालण' असा शब्द पाडावा लागेल. तो आपल्याकडे नाही, पण त्याच्या तोडीचा एक शब्द आहे आणि तो आपण इतक्या आदराने वापरतो की त्याच्या आत काय आहे हे बघतच नाही. तो शब्द म्हणजे वस्त्र. संस्कृतात 'वस्' या धातूचा एक अर्थ अंग झाकणे, अंगावर घालणे. ज्याने अंग झाकायचं ते वस्त्र. साडी नेसतो त्यातलं 'नेसणे'सुद्धा याच धातूच्या घरातलं. जपानी माणसाने किमोनो म्हटलं आणि आपण वस्त्र म्हटलं, तर दोघांनी मुळात एकच गोष्ट सांगितलेली असते.

उच्चाराबद्दल थोडं. जपानीत कि, मो आणि नो ही तिन्ही अक्षरं ऱ्हस्व आणि सारख्या लांबीची असतात. 'मो' लांबवून म्हणायची सवय आपल्याला इंग्रजीवरून लागली. अनेकवचनाची भानगड नाही. एक किमोनो, शंभर किमोनो.

'घालणे' म्हणजे नेमकं कुठे घालणे?

या शब्दाची खरी गंमत 'किरु' या क्रियापदात आहे, आणि ती मराठी माणसाला इंग्रजी माणसापेक्षा लवकर कळते असा माझा अनुभव आहे. इंग्रजीत टोपी, चपला, अंगठी, कोट, सगळ्याला एकच क्रियापद चालतं. आपलं तसं नाही. साडी नेसतात, सदरा घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, गजरा माळतात. 'शाल नेसली' असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला लगेच खटकतं.

जपानीतही वाटण्या आहेत, फक्त त्या शरीराच्या भागांप्रमाणे केल्या आहेत. खांद्यांवरून अंगात जातं ते 'किरु'. पायांकडून वर चढतं ते 'हाकु', मग ती विजार असो, मोजे असोत की पादत्राणं. डोक्यावर येतं ते 'काबुरु'. कमरेचा पट्टा आवळतात किंवा बांधतात, त्याला पुन्हा वेगळी क्रियापदं. म्हणून किमोनो हे नाव दिसतं तितकं मोघम नाही. त्यात 'खांद्यांवरून अंगात जाणारं' एवढी खूण आहेच.

आणि मग लक्षात येतं की किमोनोच्या सोबतीने येणाऱ्या कपड्यांच्या नावांतही अशीच क्रियापदं दडलेली आहेत. कमरेचा तो रुंद पट्टा म्हणजे ओबी, आणि 'ओबिरु' म्हणजे कमरेला बांधून बाळगणे. किमोनोवर घालायचा आखूड अंगरखा म्हणजे हाओरी, आणि 'हाओरु' म्हणजे खांद्यांवर अलगद टाकणे. पायांकडून चढवायची चुणीदार, घोळदार विजार म्हणजे हाकामा, त्याचं 'हाकु'शी नातं ऐकूनच कळतं. कपडा अंगावर आला की त्याचं काय करायचं हे नावच सांगतं, जशी आपली ओढणी सांगते.

हाच 'कि' महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांत दर रविवारी सकाळी दिसतो, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येतं. कराटे किंवा ज्युदो शिकणारी मुलं जो पांढरा जाड पोशाख घालतात त्याला वर्गात 'गी' म्हणतात. पूर्ण शब्द कराटेगी, ज्युदोगी. ही 'गी' म्हणजे किमोनोतलाच 'कि'. जपानीत दोन शब्द जुळले की दुसऱ्याचं पहिलं कठोर व्यंजन पुष्कळदा मृदू होतं, क चा ग होतो. शाळेत वाक् अधिक ईश म्हणजे वागीश हा संधी घोकलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. नियम तोच नाही, पण जिभेची सोय तीच. पोहण्याचा पोशाख मिझुगी, म्हणजे पाण्याचं घालण. आतले कपडे शितागी, म्हणजे खालचं घालण. किमोनोत 'कि' सुरुवातीलाच आहे, म्हणून तिथे तो कठोर राहिला.

नाव होतं, पण त्याची गरज नव्हती

आज आपण ज्याला किमोनो म्हणतो त्या कपड्याचं जुनं नाव वेगळं होतं. कोसोदे. 'को' म्हणजे छोटा, 'सोदे' म्हणजे बाही. इथे एक फसगत होते. किमोनोच्या बाह्या तर चांगल्या लोंबत्या असतात, मग छोटी बाही कशी? तर छोटं आहे ते मनगटाजवळचं तोंड, जिथून हात बाहेर येतो. बाहीची उरलेली कड शिवून बंद केलेली असते. ज्या कपड्याची बाही मनगटाकडे वरपासून खालपर्यंत उघडी असे त्याला ओसोदे म्हणत, म्हणजे मोठी बाही. दरबारी मंडळींचे भारी झगे ओसोदे असत.

त्याच्याही मागे गेलं तर नारा काळ लागतो, 710 ते 794. तेव्हा जपानच्या दरबारावर चीनमधल्या तांग घराण्याची छाप होती. कायदे, नगररचना, लिपी आणि अर्थात कपडेही. 719 साली एक फर्मान निघालं की सर्वांनी अंगरख्याची उजवी बाजू आधी अंगाला लावावी आणि डावी तिच्यावर आणावी. हा नियम आजही जसाच्या तसा आहे. उलटं फक्त मृताला नेसवताना करतात. जपानमध्ये हौसेने किमोनो भाड्याने घेऊन फोटो काढणाऱ्या पर्यटकांनी एवढी एक गोष्ट तरी नक्की लक्षात ठेवावी. बघणाऱ्याच्या काळजात चर्र होतं.

पुढच्या हेइआन काळात, म्हणजे 794 ते 1185 मध्ये, दरबारातल्या स्त्रिया एकावर एक झगे चढवत. त्या पोशाखाला लोक 'जुनिहितोए' म्हणतात, म्हणजे बारा पदरांचा. बारा हा आकडा शब्दशः घ्यायचा नाही, पदर कमीजास्त असत. या सगळ्या थरांच्या तळाशी, अगदी अंगालगत, साधा कोसोदे असे. राजवाड्याबाहेर शेतकरी, कोळी, कारागीर यांच्या अंगावर मात्र तोच एकटा असे. श्रीमंताचा आतला कपडा आणि गरिबाचा बाहेरचा कपडा एकच.

मग सत्ता दरबाऱ्यांकडून सामुराईंकडे गेली. लढणाऱ्या माणसांना डझनभर झगे परवडणारे नव्हते, पैशाने नव्हेत आणि हालचालीनेही नव्हेत. शतकानुशतकं वरचे थर गळत गेले आणि खालचा कोसोदे उघड्यावर आला. एदो काळात, 1603 ते 1868 मध्ये, तो सगळ्यांचाच कपडा झाला. कापड कोणतं आणि नक्षी कोणती यावरून दर्जा ओळखायचा, आकार सगळ्यांचा एक.

या सगळ्या काळात किमोनो हा शब्द भाषेत होता, पण तो आपल्या 'कपडे' या शब्दासारखा होता. कपडे वाळत घाला, कपडे फाटले, तसा. कोणत्या विशिष्ट वस्त्राचं नाव म्हणून तो वापरायची कुणाला गरज नव्हती, कारण दुसऱ्या जातीचं वस्त्रच आजूबाजूला नव्हतं.

1868 नंतर मेइजी काळात चित्र पालटलं. जपानला युरोप-अमेरिकेच्या बरोबरीने उभं राहायचं होतं आणि त्यांच्या डोळ्यांना आपण बरोबरीचे दिसलंही पाहिजे असं राज्यकर्त्यांना वाटत होतं. 1872 मध्ये दरबारी समारंभांसाठी पाश्चात्त्य पोशाख ठरवून दिला गेला. सैनिक, पोलीस, टपालवाले, शाळकरी मुलगे एकेक करून कोट-पाटलोणीत गेले. जानेवारी 1887 मध्ये सम्राज्ञी शोकेन यांनी स्त्रियांच्या पोशाखाबद्दल एक निवेदन काढलं. त्यातला युक्तिवाद मोठा चतुर आहे. त्यांचं म्हणणं असं की प्राचीन जपानी स्त्रियांचा पोशाख वर एक आणि खाली एक असा दोन भागांचा होता, सध्याचा एकसंध झगा ही नंतरची गोष्ट, तेव्हा पाश्चात्त्य झंपर आणि घागरा आपल्या जुन्या रीतीला उलट जास्त जवळचा. मात्र तो शिवताना कापड देशी वापरा, असंही त्यांनी बजावलं.

आता दोन जातींचे कपडे समोर आले तसे दोन शब्द लागले. पाश्चात्त्य कपड्यांना 'योफुकु' आणि जपानी कपड्यांना 'वाफुकु'. आणि किमोनो, जो आजवर सगळ्या कपड्यांचा मिळून होता, तो हळूहळू जपानी कपड्यांपुरता आकसला. त्यातही त्या एका लांब झग्यापुरता.

आपल्याकडे असं कितीदा झालंय. आजीच्या तोंडी 'लुगडं' एवढंच होतं. सहावारी घरात आली तेव्हा लुगड्याला 'नऊवारी' म्हणावं लागलं. ब्रॉयलर कोंबडी बाजारात येईपर्यंत कोंबडीला 'गावरान' हे विशेषण लावायचं कुणाच्या मनातही आलं नसणार. वेगळं काही आलं की जुन्याला नाव शोधावं लागतं. किमोनोच्या बाबतीत नवं नाव शोधलं नाही, सगळ्यांचंच नाव एकाला दिलं. जाणकार मात्र अजूनही नेमकं बोलायचं तर त्या लांब झग्याला 'नागागी' म्हणतात. 'नागाइ' म्हणजे लांब, आणि पुढे पुन्हा तीच 'गी'.

जुना व्यापक अर्थ पुरता मेलेला नाही. कपाटापुढे उभं राहून जपानी बाई आजही म्हणते, 'किरु मोनो गा नाइ'. घालायला काहीच नाही. हेच दोन शब्द, फक्त क्रियापद पूर्ण रूपात.

आकार एकच, म्हणून नावं बाहीवर टांगलेली

किमोनो शिवणं हे कोट शिवण्याच्या उलट काम आहे. कोट शिवताना शरीराची वळणं कापडात उतरवतात. किमोनोचं कापड मुळात एक लांब पट्टी असते, रुंदी साधारण 36 सेंटिमीटर आणि लांबी सुमारे 12 मीटर. एका पट्टीतून एक किमोनो. ती सरळ रेषांत कापून आठ तुकडे होतात: अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढे जोडायच्या पट्ट्या दोन, गळपट्टी एक आणि तिच्यावर चढवायची आणखी एक. गोलाई कुठेच कापत नाहीत, म्हणून चिंध्या उरत नाहीत. धुवायचा झाला तर पूर्वी पूर्ण उसवत, तुकडे पुन्हा जोडून मूळ पट्टी करत, धुऊन ताणून वाळवत आणि परत शिवत. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, 'मग मुंढा कापतच नाहीत?' नाहीत. त्या वहीतलं निम्मं गणित तिथे लागत नाही.

आकार ठरलेला असल्यामुळे एक किमोनो दुसऱ्यापासून ओळखायचा कशावरून? बाहीवरून. म्हणून नावांत सोदे हा शब्द सारखा भेटतो. अविवाहित मुलीच्या समारंभी किमोनोची बाही गुडघ्याखाली लोंबते. ती फुरिसोदे, म्हणजे झुलती बाही. पूर्वी मुलीची बाही काखेखाली उघडी ठेवत आणि ती मोठी झाली, लग्न झालं, की बाही आखूड करून तो भाग शिवून टाकत. त्यावरून तोमेसोदे, अडवलेली, थांबवलेली बाही. एका टाक्यावरून बाईचं आयुष्य कुठल्या टप्प्यावर आहे हे कळायचं. यात सुंदर किती आणि जाचक किती हे ज्याने त्याने ठरवावं. मला दोन्ही दिसतं.

आणखी एक नाव सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. युकाता. उन्हाळ्यात, जत्रांना, गरम पाण्याच्या झऱ्यांवर घालतात तो सुती, बिनअस्तराचा किमोनो. याचं मूळ नाव 'युकाताबिरा'. 'यु' म्हणजे गरम पाणी, 'काताबिरा' म्हणजे एकपदरी पातळ अंगरखा. हेइआन काळात उमराव वाफेच्या स्नानगृहात तो अंगावर ठेवूनच बसत. पुढे सार्वजनिक न्हाणीघरं आली, सूत स्वस्त झालं, आणि तो न्हाल्यावर अंग टिपायला घालायचा कपडा झाला. मग तोच घालून लोक संध्याकाळी बाहेर पडू लागले. नावाचं शेपूट या प्रवासात गळून पडलं. लिहिताना मात्र जपानी लोक 'स्नान' आणि 'वस्त्र' ही दोन चित्राक्षरं काढतात आणि वाचतात 'युकाता'. त्या अक्षरांचा आणि या उच्चाराचा काही संबंध नाही. अर्थ डोळ्यांनी घ्यायचा आणि नाव तोंडाने.

बाहेर गेलेलं नाव

किमोनो युरोपात पोचला तो डच व्यापाऱ्यांच्या हातून. नागासाकीच्या बंदरात देजिमा नावाचं छोटं बेट होतं, तिथे 1641 पासून डचांना राहायची परवानगी होती. शोगुनकडून, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाकडून, त्यांना भेटीदाखल रेशमी, कापूस भरलेले झगे मिळत. नेदरलँड्समध्ये घरात घालायला त्यांची टूम निघाली आणि मागणी इतकी वाढली की तसलेच झगे हिंदुस्थानी कापडातूनही होऊ लागले. इंग्रज अशा सैल झग्याला 'इंडियन गाउन' म्हणत. सॅम्युअल पीप्स हा दैनंदिनी लिहिणारा इंग्रज अधिकारी 1666 साली चित्रकारासमोर बसला तो असाच झगा भाड्याने आणून. या झग्याचं दुसरं इंग्रजी नाव होतं 'बॅनियन', आणि ते आलं गुजराती वाण्यांवरून. तेच नाव पुढे आतल्या सैल कपड्याला लागलं आणि 'बनियन' होऊन आपल्या दोरीवर वाळत पडलं. वाण्याचं नाव जपानी घाटाच्या झग्याला लागतं आणि शेवटी गंजिफ्रॉकवर येऊन थांबतं, यावर माझा पहिल्यांदा विश्वासच बसला नव्हता.

किमोनो हे नाव स्वतः पश्चिमेत गेलं आणि तिथे पुढे कुठल्याही समोरून उघड्या सैल झग्याला चिकटलं. 2019 मध्ये अमेरिकेतल्या किम कार्दाशियन यांनी आपल्या अंतर्वस्त्रांच्या नव्या उद्योगाला 'किमोनो' हे नाव जाहीर केलं. जपानमधून मोठा विरोध झाला. क्योतोचे तेव्हाचे महापौर दाइसाकु कादोकावा यांनी पत्र लिहून विनंती केली की हे नाव किमोनोवर प्रेम करणाऱ्या सगळ्यांचं आहे, ते कुणा एकाच्या मालकीचं होऊ नये. उद्योगाचं नाव बदलून 'स्किम्स' झालं. मला त्या पत्रात भाषेचंही म्हणणं ऐकू येतं. ज्या शब्दाचा अर्थच 'घालायचं ते' आहे, त्यावर एकाची मुद्रा कशी उमटवणार?

आणि आत आलेली नावं

किमोनो हा शब्द अस्सल जपानी. पण किमोनोची पेटी उघडली की आतली निम्मी नावं समुद्रापलीकडची निघतात.

ज्या दुकानात किमोनोचं कापड मिळतं त्याला 'गोफुकुया' म्हणतात. 'गोफुकु' म्हणजे 'गो'चे कपडे, आणि 'गो' हे चीनमधल्या वू राज्याचं जपानी नाव. तिसऱ्या शतकातलं ते राज्य संपून सतराशे वर्षं झाली, दुकानाच्या पाटीवर ते अजून आहे. एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, 1673 साली मित्सुइ ताकातोशी यांनी असंच एक दुकान काढलं, एचिगोया. भाव ठरलेला, रोख पैसे, घासाघीस नाही, आणि पूर्ण ताग्याऐवजी हवं तेवढं कापड कापून मिळेल. त्या काळात हे सगळं नवं होतं. त्याच दुकानाचं पुढे मित्सुकोशी झालं, जपानमधलं नामांकित मोठं दुकान.

किमोनोच्या आत, अंगालगत, घालतात ते 'जुबान'. गळ्याशी जी पांढरी कड दिसते ती त्याची. हे नाव पोर्तुगीज. पोर्तुगीज जपानला पोचले 1543 मध्ये, आणि त्यांच्या अंगात घट्ट बंडीसारखा 'जिबाँव' असे. तो शब्द पोर्तुगीजांकडे इटालियनमधून आला आणि इटालियनमध्ये अरबी 'जुब्बा'मधून. आपला झब्बा त्याच अरबी घरातला. फ्रेंचांचा 'ज्युप', म्हणजे घागरा, तोही तिथलाच. एक अरबी अंगरखा पश्चिमेला जाऊन घागरा झाला, पूर्वेला जाऊन जपानी बायकांचं अंतर्वस्त्र झाला आणि मधल्या मध्ये पुण्यातल्या लग्नात झब्बा म्हणून वावरतोय. पावसाळी झग्याला जपानीत 'काप्पा' म्हणतात, तेही पोर्तुगीजच.

बौद्ध भिक्षूंच्या अंगावरचं 'केसा' तर संस्कृत. काषाय, म्हणजे भगव्या-तांबूस रंगाचं वस्त्र. ते चीनमार्गे जपानला गेलं आणि तोंडातोंडी केसा झालं. तुकडे जोडून शिवलेलं, भाताच्या खाचरांसारखं दिसणारं.

सूतही आपल्याकडचंच म्हणायला जागा आहे. जपानच्या जुन्या राजवृत्तांतात 799 सालची नोंद आहे. मिकावा प्रांताच्या किनाऱ्याला एक परका तरुण छोट्या होडीतून वाहत आला. सुरुवातीला कुणाला त्याची भाषा कळेना. पुढे जपानी शिकल्यावर त्याने आपण तेन्जिकुचे, म्हणजे भारताचे, असं सांगितलं. त्याच्या सामानात कापसाचं बी होतं. ते पुढच्या वर्षी निरनिराळ्या प्रांतांत पेरलं, पण ते पीक टिकलं नाही, आणि कापूस जपानमध्ये खरा रुजायला आणखी सातशे-आठशे वर्षं लागली. आजच्या आइची जिल्ह्यात निशिओ इथे त्या तरुणाचं देऊळ आहे, तेन्जिकु देऊळ. तिथे कापसाचा देव म्हणून तो पुजला जातो. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही.

शेवटी पट्ट्यापट्ट्यांचं कापड. एदोतल्या रसिकांना उभ्या रेघांचं भारी वेड होतं. रेघांच्या कापडाला जपानीत 'शिमा' म्हणतात, आणि 'शिमा' म्हणजे बेट. दक्षिणेच्या बेटांकडून जहाजांवर येणारं कापड म्हणून बेटी कापड, आणि त्यावरून रेघेलाच शिमा. या बेटी कापडाचे प्रकार ज्या नावांनी ओळखत ती नावं म्हणजे आपल्या किनाऱ्याचा नकाशा आहे. 'सान्तोमे' म्हणजे मद्रासजवळचं साओ तोमे, आजचं मैलापूर. 'बेंगारा' म्हणजे बंगाल.

आणि 'चाउ-जिमा'. जिमा म्हणजे शिमाच, जोडात मृदू झालेला. हे पातळ, मऊ रेशमी कापड, मुख्यतः हाकामासाठी वापरलेलं. पोर्तुगीजांनी ते ज्या गावाहून नेलं त्या गावाचं नाव त्याला पडलं. ते गाव चौल. आपलं चौल, अलिबागच्या दक्षिणेला, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधलं. सोळाव्या शतकापासून 1740 पर्यंत रेवदंड्याच्या कोटात पोर्तुगीज होते, चौलच्या मागांवरचं रेशीम त्या बंदरातून बाहेर जाई. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावातल्या ख्रिस्ती घरांत आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. चौलचं रेशीम जपानला इतकं भावलं की सतराव्या शतकाच्या अखेरीला क्योतोच्या विणकरांनी ते स्वतःच विणायला घेतलं, नाव तेच ठेवून.

जपानी शब्दकोशात चाउ-जिमा अजून आहे. लिहिताना उच्चार जुळवायला पहिलं चित्राक्षर घेतलंय ते 'चहा'चं. त्यामुळे जपानी वाचकाला तिथे आधी चहा दिसतो. चौल दिसतं ते फक्त शब्दकोशातला खुलासा वाचला तर, किंवा वाचणारा रायगडचा असला तर.